पांढरं पाणी, पिशवी आणि आपली मंडळी
(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कळल्यावर काही भाऊ चहाच्या निमित्तानं बाहेर निघाले होते. पाळकसाहेबांनी त्यांना परत बसवलं, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. विषय बायकांच्या शरीराचा आहे, पण दवाखान्याचे पैसे, मोटारसायकल आणि ‘जा’ म्हणण्याचा अधिकार आपल्याकडे बहुतेक घरांत पुरुषांच्या हातात असतो. म्हणून हे तुम्हीही ऐकायला हवं.

मी डॉक्टर नाही. माझं काम वस्त्यांवर फिरण्याचं, बायकांचं ऐकून घेण्याचं. अंबड, घनसावंगी, भोकरदनच्या बाजूला भिल्ल समाजाच्या वस्त्या आहेत. दिवाळी झाली की त्यातली आणि आजूबाजूची कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. परत आलेल्या बायकांशी बोलायला बसलं की कंबर दुखते, अशक्तपणा आहे, इथून सुरुवात होते. नंतर आवाज खाली जातो. “ताई, अंगावरून पांढरं जातं.”

या एका वाक्यानंतर आपल्याकडे दोनच गोष्टी होताना दिसतात. पहिली, ती बाई गप्प बसते. महिने जातात, वर्षं जातात. दुसरी, कोणीतरी तिला सांगतं, “कॅन्सर होईल, पिशवी काढून टाक.” एक वाट लाजेची, दुसरी भीतीची. मी आज जे सांगणार आहे ते एवढंच, की या दोन्हींच्या मधून एक तिसरी वाट जाते. ती साधी आहे, स्वस्त आहे, आणि ती खरी असल्याचा पुरावा आपल्याच मराठवाड्यातल्या बायकांनी दिलेला आहे.

आधी लाजेविषयी. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. एकेका बाईला सरासरी तीनहून जास्त तक्रारी. आणि त्याआधी कधीतरी तपासून घेतलेल्या बायका किती? शंभरात फक्त ८. बाकीच्यांनी ते बाईच्या जन्माला आलेलं भोग म्हणून सोसलं होतं. पूर्वी जगातल्या आरोग्य योजना गरीब देशांतल्या बाईकडे पाहताना फक्त बाळंतपण आणि कुटुंबनियोजन पाहत असत. गडचिरोलीतल्या बायकांनी त्यांना बाकीचं दाखवून दिलं.

आता भीतीविषयी. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याची ओरड २०१९ साली झाली. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहा बायकांमागे एक. त्यातल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. पोटात दुखतं, अंगावर जातं, म्हणून दवाखान्यात गेलेली बाई. मुकादमाची उचल घेतलेली, एक खाडा झाला तरी पैसे कापले जाणार. अशा बाईला कोणी ‘कॅन्सर’ हा शब्द ऐकवला की ती कर्ज काढूनही पिशवी काढते.

कधी कधी पिशवी काढणं खरोखरच गरजेचं असतं, हे मला मान्य आहे. पण पांढरं पाणी हे त्याचं कारण नव्हे. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर तरुण बाईची पाळी जाते, हाडं लवकर ठिसूळ होतात, अंगाची आग होते. कामावर लवकर परतायचं म्हणून जे केलं, त्यानंच काम करण्याची ताकद जाते.

मग हे पांढरं पाणी आहे तरी काय? आणि त्याचा कॅन्सरशी संबंध आहे की नाही? इथे थोडं शास्त्र समजून घेऊ. स्वयंपाकघरातलं उदाहरण घेऊन सांगते.

आपण दुधाला विरजण लावतो. त्या विरजणातले जंतू दूध आंबट करतात. ते आंबटपण आलं की नासवणाऱ्या दुसऱ्या जंतूंना तिथे सहज वाढता येत नाही. लोणचं टिकतं तेही आंबट आणि खारट असल्यामुळे. देवानं बाईच्या शरीरात अशीच एक व्यवस्था करून ठेवली आहे. योनीमार्गात जे जंतू राहतात त्यात लॅक्टोबॅसिलस नावाच्या कुळातले जंतू राखणदार असतात. विरजणातल्या जंतूंचे ते भाऊबंदच, पण जात वेगळी. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि आतली जागा आंबट ठेवतात. डोडरलाइन या जर्मन डॉक्टरनं १८९२ मध्येच त्यांचं वर्णन केलं होतं. या राखणदारांना खाणं मिळतं ते बाईच्या शरीरातल्या स्त्री-संप्रेरकामुळे. म्हणून पाळी सुरू असण्याच्या वयात ते जास्त असतात आणि पाळी गेल्यावर कमी होतात.

तेव्हा थोडं पांढरं किंवा पारदर्शक पाणी जाणं, पाळीच्या आधी किंवा महिन्याच्या मधल्या दिवसांत ते वाढणं, त्याला घाण वास नसणं, खाज नसणं, हे आजारपण नाही. ती शरीराची स्वतःची सफाई आहे. वास मारत असेल, खाज किंवा जळजळ असेल, दह्याच्या कवड्यांसारखं किंवा हिरवट-पिवळं जात असेल, तर राखणदार कमी पडले आहेत आणि दुसऱ्या जंतूंनी किंवा बुरशीनं जागा घेतली आहे, असं बहुधा असतं. त्यावर औषध आहे. बहुतेक वेळा काही दिवसांच्या गोळ्यांनी ते बरं होतं. काही प्रकारांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, आणि नवऱ्यानं ते घेतलं नाही तर बाईचं दुखणं फिरून येतं. भावांनो, हे वाक्य तुमच्यासाठी होतं.

आता दुसरा पाहुणा. त्याचं नाव एचपीव्ही. हा विषाणू आहे. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. काहींमुळे हातापायावर चामखीळ येतात, एवढंच. पण दहा-पंधरा प्रकार असे आहेत की ते गर्भाशयाच्या तोंडाशी मुक्काम ठोकून बसले तर पुढे कॅन्सर होऊ शकतो. त्यात १६ आणि १८ क्रमांकाचे सर्वांत वाईट. या कॅन्सरच्या शंभरातल्या सत्तरेक केसेस त्या दोघांमुळे होतात. हराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञानं १९८३-८४ मध्ये हे शोधून काढलं. त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पुरस्कार मिळाला.

हा विषाणू शरीरसंबंधातून, कातडीला कातडी लागून पसरतो. पुरुषाला सहसा काहीच लक्षण नसतं. लग्न झालेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी याची लागण होऊन गेलेली असते. तो अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. म्हणून एखाद्या बाईच्या तपासणीत एचपीव्ही निघाला तर त्यावरून तिच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या चारित्र्याचा निकाल लावता येत नाही. कधी लागला, कोणाकडून लागला, हे कोणतीही तपासणी सांगत नाही. आपल्या मंडळीत कुजबुज लवकर होते. त्यामुळे हे मी मुद्दाम सगळ्यांसमोर सांगते.

आणि यातली आनंदाची बाब अशी. हा विषाणू लागला तरी बहुतेक बायकांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला आपणहून बाहेर काढतं. थोड्याच बायकांत तो ठाण मांडतो. ठाण मांडल्यावरही कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. एचआयव्हीनं प्रतिकारशक्ती कमी झालेली असेल तर मात्र पाच-दहा वर्षांतच होऊ शकतो. म्हणजे देवानं आपल्याला वेळ दिलेला आहे. तो वेळ आपण काय करून घालवतो, हा प्रश्न आहे.

इथे राखणदार जंतू आणि विषाणू यांची गाठ पडते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत बऱ्याच देशांत यावर अभ्यास झाले. ज्या बायकांत लॅक्टोबॅसिलस भरपूर, त्यातही क्रिस्पॅटस जातीचे, त्यांच्यात एचपीव्ही कमी सापडतो आणि लवकर जातो. ज्यांच्यात राखणदार कमी आणि इतर जंतूंची गर्दी, त्यांच्यात तो जास्त सापडतो आणि जास्त काळ टिकतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांना २०१५ मध्ये असं दिसलं की गर्भाशयाच्या तोंडावरचा कॅन्सरपूर्व बदल जितका पुढे गेलेला, तितके राखणदार कमी. आता राखणदार गेले म्हणून विषाणू टिकला, की विषाणू बसला म्हणून राखणदार गेले, यावर शास्त्रज्ञांचं काम चालू आहे. राखणदार कमी असलेल्या कितीतरी बायका ठणठणीतही असतात. त्यामुळे “पांढरं जातं म्हणजे कॅन्सर” असं जो म्हणतो तो चुकीचं सांगतो. आणि “पांढरं जातं, त्यात काय” असं जो म्हणतो तोही चुकीचंच सांगतो. बरोबर उत्तर असं: जंतूंच्या त्रासावर औषध घ्या, आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी वेगळी करून घ्या. एकीनं दुसरीचं काम होत नाही.

रोजच्या वागण्यातल्या काही गोष्टी सांगते. आतून धुऊ नका. साबण, तुरटी, जंतुनाशक पाणी, सुगंधी औषधं, यातलं काहीही आत घालू नका. त्यानं राखणदारच मरतात. बाहेरून साध्या पाण्यानं धुणं पुरेसं आहे. विरजणाचं उदाहरण दिलं म्हणून दहीही आत लावू नका, ते जंतू तिथले नव्हेत. मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून अँटिबायोटिक घेऊ नका, त्यानंही राखणदार जातात. पाळीचं कापड उन्हात वाळवा. उसाच्या फडात पाणी नाही, आडोसा नाही, कोपीत कपडा वाळत घालायला जागा नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हा उपदेश एकट्या बाईला करून भागत नाही. पाणी आणि संडास मागणं हेही आपल्या सेवेचंच काम आहे.

काही खुणा दिसल्या तर मात्र एक दिवसही थांबू नका. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, रक्तमिश्रित घाण वासाचं पाणी जाणं. या खुणा असतील तर थेट ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात जा.

पण लक्षात ठेवा, सुरुवातीच्या अवस्थेत काहीच खूण नसते. ना पांढरं, ना लाल, ना दुखणं. म्हणूनच तपासणी हवी. आता मी तो मराठवाड्याचा पुरावा सांगते.

आपल्या भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि पाऊण लाखाहून जास्त मरतात. १९९९ च्या ऑक्टोबरात उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठं काम सुरू झालं. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून ते केलं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. एका भागात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्या भागात काचपट्टीवरची पॅप तपासणी, तिसऱ्या भागात व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या भागात नेहमीची आरोग्यसेवा, जास्त काही नाही. आठ वर्षं पाठपुरावा झाला. २००९ मध्ये निकाल आला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्हीची तपासणी करायची ठरलेल्या गटातल्या ३४,१२६ बायकांत या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांत ६४. एका तपासणीनं मरण जवळजवळ निम्म्यावर आलं.

या बायका कोण होत्या? आपल्यासारख्याच. शेतात खुरपायला जाणाऱ्या, बहुतेक न शिकलेल्या. त्यांच्यामुळे सगळ्या जगाला कळलं की खेड्यातल्या गरीब बाईला एक तपासणी वाचवू शकते. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देते, त्यामागच्या मोठ्या पुराव्यांत हा एक आहे. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, यावर नंतर कडक टीकाही झाली, आणि ती ऐकायला हवी. त्या ६४ जणी आपल्यापासून काही तासांच्या वाटेवर राहत होत्या. त्यांच्या मरणातून जे कळलं ते जगभर गेलं आणि आपल्या वस्तीवर आलंच नाही, तर ते ऋण आपल्यावर तसंच राहील.

एचपीव्हीची तपासणी अजून सगळीकडे मिळत नाही, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. सरकारी केंद्रांवर ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी, पाच वर्षांतून एकदा, व्हिनेगरची तपासणी ठरलेली आहे. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावून एक मिनिट थांबतात. बदललेला भाग पांढरा दिसतो. यात कापाकापी नाही, भूल नाही, बाई चालत घरी जाते. ही तपासणी एकदाच करून धाराशिवमध्ये फारसा फरक दिसला नाही. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून दीड लाख बायकांत काम केलं, त्यात दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा ही पाहणी केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे साधनं साधी असली तरी चालतात, पण मग पुन्हा पुन्हा जावं लागतं. एचआयव्ही असलेल्या बहिणींनी तर पंचविशीपासूनच तपासणी सुरू करावी.

लसीविषयी थोडं. ९ ते १४ वयाच्या मुलींना ही लस सर्वांत उपयोगी पडते, कारण ती लागण होण्याआधी द्यायची असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ ही भारतीय लस २०२३ च्या जानेवारीत बाजारात आली. एक डोससुद्धा चांगलं संरक्षण देतो, हे ज्या भारतीय अभ्यासातून दिसलं त्यातही बार्शीचा वाटा आहे. लस कुठे, किती वयाला, किती पैशांत मिळते, ते आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

पण आपली बोर्डिंग चालवणाऱ्यांना मला एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत या लसीचा एक प्रकल्प झाला. त्यात पुष्कळ मुली आदिवासी होत्या. सात मुलींचे मृत्यू झाले आणि प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं निघालं नाही. पण दुसरंच निघालं. वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डननी सह्या केलेल्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं त्यावर कठोर शब्दांत बोट ठेवलं. चांगली वस्तूसुद्धा न विचारता दिली की गरिबाचा विश्वास जातो, आणि गेलेला विश्वास कोणत्याही लसीनं परत येत नाही. आपल्या बोर्डिंगमधल्या मुलीचा बाप उसाच्या फडात असला तरी त्याला फोन करा, त्याच्या बोलीत समजावून सांगा, त्याला नाही म्हणता येईल अशा रीतीनं विचारा. मग सही घ्या.

शेवटी वचनाकडे वळते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली ती स्त्री तुम्हा सर्वांना माहीत आहे. बारा वर्षं रक्तस्राव. वैद्यांकडे जाऊन सगळा पैसा संपला, आणि दुखणं वाढतच गेलं. पिशवी काढून कर्जात बुडालेल्या आपल्या बहिणींची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. त्या काळच्या नियमानं ती अशुद्ध होती, कोणाला शिवायची तिला मुभा नव्हती. म्हणून ती मागून, गर्दीत लपून आली. ती बरी झाली तेव्हा प्रभू पुढे निघून जाऊ शकला असता. याईराची मुलगी मरणाच्या दारात होती, घाई होती. तरीही तो थांबला. तिला सगळ्यांसमोर बोलू दिलं, तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि तिला मुलगी म्हटलं. तिचं दुखणं बरं झालं तेवढ्यावर त्यानं समाधान मानलं नाही, तिची लाजही काढून टाकली. आपल्याला दुखणं बरं करता येत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण थांबणं, ऐकणं आणि लाज काढून टाकणं, हे मंडळीला करता येतं.

म्हणून तीन विनंत्या करते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बहिणीनं यंदा एकदा तपासणी करून घ्यावी, आणि जाताना वस्तीवरची एक बाई सोबत न्यावी. एकटीला भीती वाटते, दोघी असल्या की वाट सोपी होते. दुसरी, कोणी पिशवी काढायला सांगितली तर सही करण्याआधी सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं. तिसरी, आमचं काम आपल्या अर्पणातून चालवणाऱ्या बंधुभगिनींना. तपासणी फुकट असते, पण त्या दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडं लागतं. तेवढ्यासाठी बाई घरी राहते. तुमच्या दानातला काही भाग या दोन गोष्टींसाठी राखून ठेवा. ऊसतोडीची टोळी निघण्याआधी, म्हणजे पावसाळ्यातच हे झालं पाहिजे. एकदा ट्रक हलला की ती बाई सहा महिने आपल्याला भेटत नाही.

प्रभू आपल्याला थांबायची आणि ऐकायची बुद्धी देवो. आमेन.